मशीनवर शिवलेलं कफन

तो घासलेटचा डबा बाजूला ठेव, सामेह. आणि पाय वर घे, रात्री धक्क्यावर असे पाण्यात पाय सोडून बसू नये. लाइट काही इतक्यात यायची नाही. अमशीर महिन्याचा वारा सुटला की आपल्या दसूक गावच्या विजेच्या तारा पहिल्या आडव्या होतात. चहा आहे अजून किटलीत. घ्या सगळे.

तर तू आजीचं शिलाई मशीन गच्चीवरच्या अडगळीतून काढलंस म्हणे. घासूनपुसून चकचकीत करणार आणि अलेक्झांड्रियाच्या कुठल्याशा कॅफेवाल्याला शोभेला विकणार. कर बाबा. हातात कसब आहे, कर. मी फक्त एवढंच विचारतो, मशीन कुणाचं? आजीचं, ते ऐकलं मी. आजी गेली. आता कुणाचं? तुझं, की तुझ्या आत्याचं?

बघ, लगेच डब्याचं झाकण फिरवायला लागलास.

मग ऐका. ही इकडून तिकडून ऐकलेली गोष्ट नाही. गोदामामागच्या गल्लीतला फिक्री तुम्हाला माहीत आहे ना, तो हल्ली मान खाली घालून जातो तो. त्याची आहे ही. शेवटचा भाग तर माझ्याच होडीत घडला, त्यामुळे कुणी मला म्हातारचळ लागला म्हणू नका.

फिक्रीही असाच एका संध्याकाळी घासलेट आणायला निघाला होता. हिवाळा नुकता लागला होता. बारा वर्षं कुवेतला एसी दुरुस्त करून तो कायमचा परत आला होता, आणि रिकामा बसून कंटाळला होता. घरी आई, तफीदाबाई. खालच्या मजल्यावर आई आणि बहीण कौसर, वर फिक्री, त्याची बायको नशवा आणि लग्नाला आलेली मुलगी यास्मिन. कौसरला नवऱ्याने सोडलेली. मूलबाळ नाही. ती आईच्या मशीनवर गल्लीतल्या बायकांचे कपडे शिवायची आणि त्यावर दोघींचं चालायचं. त्या मशीनवरच आधी तफीदाबाईने पोरांना वाढवलं होतं. फिक्रीची शाळा, फिक्रीचं कुवेतचं तिकीट, सगळं त्याच सुईखालून निघालेलं. पण ते कोण लक्षात ठेवतो?

मशीन तफीदाबाईच्या आईचं. तिच्या लग्नात आलेलं, मग तफीदाबाईच्या लग्नात तिच्यासोबत इकडे आलं. पायाने चालवायचं, काळं, अंगावर सोनेरी स्फिंक्स. उन्हाळ्यात ते अडकलं. चाक म्हणून फिरेना. कौसरची गिऱ्हाइकं एकेक करून दुसरीकडे गेली. ती रोज मशीनसमोर बसायची, पायटा दाबून बघायची आणि उठायची.

"मी करतो दुरुस्त," फिक्री म्हणाला. "पोरी, रडतेस काय? मी एसी उघडून जोडलेत, हे काय आहे?"

कौसरने त्याचा हात धरून डोळ्यांना लावला. मी तिथे होतो, चहा घेत.

गच्चीवर कबुतरांच्या खुराड्याशेजारी त्याने मशीन मांडलं. सगळे स्क्रू काढून बशीत ठेवले. जुनं तेल आत वाळून गोंद झालं होतं. त्याने घासलेट घालून रात्रभर मुरवलं, सकाळी परत घातलं, परत मुरवलं. फोनवर व्हिडिओ बघायचा, दाढी खाजवायचा आणि कामाला लागायचा. शेजारी खुर्चीत तफीदाबाई. डोळे पार गेलेले, पण बोटं शाबूत. "साबण लावलास ना?" ती ओरडायची. "वास येतोय मला. स्फिंक्स पुसून जाईल माझा! तेलाने पूस, मेल्या!" आणि फिक्री चोरासारखा साबणाची वाटी मागे लपवायचा. कौसर पोट धरून हसायची.

कापड पुढे सरकवणारे जे दाते असतात ना, त्यांच्यात वर्षानुवर्षांची लव दाबून बसली होती. फिक्रीने ती सुईने काढून आईच्या तळहातावर ठेवली. म्हातारीने चिमटीत चुरगळून बघितली. "ही मखमल. कौसरच्या लग्नाची." मग जरा थांबून म्हणाली, "टाक ती."

खरं तर ती काही टाकायची बाई नव्हती. दोरा तर कधीच नाही. जुना कपडा उसवला की दोरा ओढून काढायची, ओठांत धरून ओला करायची म्हणजे त्याच्या सुरकुत्या बसतात, आणि बॉबिनवर गुंडाळून ठेवायची. चुक्, चुक् असा तोंडाचा आवाज करायची. सगळ्या गल्लीला तो आवाज माहीत होता.

खोगीर शिवणाऱ्या उस्तादाकडून फिक्रीने नवा चामड्याचा पट्टा करून आणला. मग ते शटल. माझ्या होडीसारखंच असतं ते, दोन्हीकडे निमुळतं, पोटात बॉबिन घेऊन खालच्या खाली इकडून तिकडे पळतं. खालचा दोरा त्याच्यात. ते गंजलं होतं, पण त्याने राखेने घासून आरशासारखं केलं. आणि एका शुक्रवारी मशीन चाललं. काय सांगू तुम्हाला, लोण्यासारखं! कबुतरं उडाली. तफीदाबाई मशीनच्या लाकडावर गाल टेकून ऐकत राहिली.

इथपर्यंत सगळं छान. आता माणूस बघा कसा असतो. इतके आठवडे हात घातले की वस्तू आपली वाटायला लागते. त्यातून नशवाने कान भरले असतील, मी नाही म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी फिक्रीने मशीन उचलून वर आपल्या दिवाणखान्यात नेऊन ठेवलं.

"यास्मिनचं लग्न आहे," तो म्हणाला. "तिचा सगळा संसार यावर शिवायचा. मग तिच्यासोबत जाईल. मुलीकडून मुलीकडेच जातं ना ते? यास्मिन मुलगी नाही काय?"

"आधी कौसर," तफीदाबाई म्हणाली. "मग कौसर जिला देईल तिला."

"कौसरच्या हातात ते मेलं होतं, आई. मी जिवंत केलं."

"फिक्री, ती खाणार काय?"

"तिला मी उपाशी ठेवतो का? वर येऊन नशवाला मदत करू दे. तिचंही चालेल."

म्हणजे भावाच्या घरी मोलकरीण. कौसर उठली. पिशवी भरली, माझ्या होडीत बसली आणि पलीकडे रहमानियाला गेली. तिथे एका कपड्याच्या कारखान्यात लागली, खोली घेतली. आईला न्यायला येईन म्हणाली, जागा जरा मोठी मिळाली की. होडीत ती मला म्हणाली, "काका, मला मशीन नको होतं हो असं भांडून. मला वाटलं, तो माझ्यासाठी करतोय." बाकी सगळा वेळ ती पाण्याकडे बघत होती. मला त्या वेळी फिक्रीच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. अजूनही वाटते.

तूबा महिन्यात, अमशीरच्या आधीच्या कडक थंडीत, तफीदाबाई गेली. झोपेतच. पहाटे नशवाने हात लावून बघितलं तर गार.

आणि त्या सकाळी धुकं पडलं. तुम्ही बघितलंय तसलं धुकं, स्वतःचा हात दिसत नाही. नदीवरच्या पोलिसांनी सगळ्या होड्या साखळीला लावल्या, पुलाकडचा रस्ताही बंद. कौसरला फोनवर कळलं होतं; पलीकडून मला तिची हाक ऐकू येत होती. पाणी शांत होतं, त्यामुळे कानाशी बोलल्यासारखी.

"रजबकाका! फिक्री फोन उचलत नाही! त्याला सांगा, मी येईपर्यंत कफन शिवू नका! मी हाताने शिवते!"

मी पळत गेलो. घरात बायका जमलेल्या. मयतीची आंघोळ घालणारी हाशिमची आई आत पाणी तापवत होती. तफीदाबाईने मक्केहून आणलेल्या झमझमच्या पाण्यात भिजवून वाळवलेलं कफनाचं कापड केव्हापासून बांधून ठेवलं होतं. ते फिक्रीच्या मांडीवर. समोर मशीन. तो त्याच्यात दोरा ओवत होता, आईच्याच जाड रिळाचा, कच्चा पांढरा, गोधड्यांसाठी ठेवलेला.

मी निरोप सांगितला.

"काका, ती मशीनसाठी येतेय. आईसाठी नाही."

हाशिमची आई ओले हात तसेच घेऊन बाहेर आली. "फिक्री, बाळा, मशीनवर नको रे. मशीनचा प्रत्येक टाका गाठ असते. वरचा दोरा खालच्याला अडकवतो ना तो. कफनाला गाठ नसते. चार सैल धावदोरे घालायचे हाताने आणि टोक मोकळं सोडायचं. अरे, कबरीत उतरवल्यावर बांधलेल्या पट्ट्यासुद्धा आपण सोडतो. माणूस मोकळा जायला हवा."

"मजबूत होईल," फिक्री म्हणाला. "नवरीचे कपडे मजबूत लागतात, माझ्या आईचे नकोत?"

"तासाभरात धुकं उतरेल. पोरगी येईल."

"मयत कुणाच्या धुक्यासाठी थांबत नाही."

आणि त्याने पायटा दाबला. घरात मयत, दारात बायका तोंडाला पदर लावून उभ्या, आणि मशीन काय गोड चालत होतं. त्याने सगळ्यांकडे एकदा बघितलं. बघा म्हणाला, टीप कशी सरळ आलीय.

धुकं उतरलं तेव्हा कबरीवर माती पडत होती. कौसर धावत आली. हाशिमच्या आईने तिला कानात सांगितलं. मला वाटलं ही आता भावाचा गळा धरणार. तसं काही झालं नाही. ती खाली बसली आणि मातीवर हात ठेवून एवढंच म्हणाली, "आता ती कशी सुटणार?"

मशिदीतल्या शेखसाहेबांना मी नंतर विचारलं. ते म्हणाले, धर्मात गाठीचं असं काही नाही, मनाला लावून घेऊ नकोस. मग चपला घालता घालता म्हणाले, "पण मुलीसाठी तासभर थांबला असता तर त्यातही काही पाप नव्हतं."

पुढच्याच आठवड्यात नशवा यास्मिनच्या उशांचे अभ्रे शिवायला बसली. सकाळी बघते तर सगळे अभ्रे उघडे. वरचा दोरा होता तसाच, कापडावर नुसता पडलेला, फुंकर मारली की उडेल असा. खालचा दोरा नाहीच. उसवून तुकडे पडले असते तर जमिनीवर दिसले असते. कुठेच काही नाही.

फिक्रीने मशीन उघडलं, तपासलं, चिंधीवर टीप मारली, दोन्ही हातांनी ओढली. पक्की. रात्री तीच चिंधी टेबलावर ठेवली. सकाळी खालचा दोरा नाही.

"उंदीर असतील," तो म्हणाला. खालचाच दोरा खाणारे उंदीर! नशवाने ती चिंधी त्याच्या हातात कोंबली.

मग यास्मिनच्या सासूबाई सामान बघायला आल्या. गुलाबी पलंगपोस. नशवाने आदल्या रात्री जागून शिवलेला, कपाटात कुलूप लावून ठेवलेला. सासूबाईंनी दोन टोकं धरून उलगडला आणि त्यांच्या हातात दोन वेगवेगळी कापडं आली. बाईने शांतपणे घड्या घातल्या. "सुनेची आई टाकेसुद्धा उसने आणते वाटतं," म्हणाली आणि शरबत न पिता निघून गेली. लग्न मोडलं नाही, पण लांबलं. यास्मिन बापाला म्हणाली, "आत्याला मशीन देऊन टाका ना, बाबा." फिक्रीने तिच्यावर हात उगारला. आयुष्यात पहिल्यांदा.

आई गेल्याच्या चाळिसाव्या दिवसाची आदली रात्र. बुधवार. अमशीरचा वारा असाच सुटलेला, लाइट अशीच गेलेली. दुसऱ्या दिवशी कुराण वाचायला माणसं यायची होती. त्यासाठी नशवाने फिक्रीला नवा निळा झगा शिवला होता, त्याच मशीनवर. फिक्री म्हणाला, आज मी बघतोच. त्याने तो झगा अंगात घातला. अंगावरचा कसा उसवतो बघू. मशीनमधून शटल काढलं. बॉबिनवरचा होता नव्हता तो दोरा काढून फेकला, मोकळं बॉबिन शटलमध्ये घातलं आणि शटल खिशात टाकलं. शटल नाही तर मशीन नाही. दाराला आतून कडी. कंदील. आणि समोर खुर्ची टाकून बसला.

हे पुढचं त्याने मला होडीत सांगितलं. तुटक तुटक.

बराच वेळ काही नाही. वारा. खालच्या गल्लीत पत्रा वाजत होता. त्याला डुलकी लागली असेल.

मग आवाज आला. मशीनचा नव्हे. मशीन गप्प होतं.

टक्.

नखाने टाका उचलल्यासारखा.

टक्... टक्...

फिक्रीने कंदील वर केला. खोलीत कुणी नाही. कडी तशीच. पण कापराचा वास... कफनात घालतात तो. आणि त्याखाली ओल्या मातीचा.

टक्...

पाठीमागून. मानेजवळून.

त्याने खांद्याला हात लावला. शिवण उघडी होती. बोटं आत गेली, थेट कातडीला.

उठावं म्हटलं तर पाय उठेनात. दुसरा खांदा. मग दंडावरून खाली, सावकाश, एकेक टाका चाचपत. घाई नाही. आंधळं माणूस जसं चाचपतं तसं. आई लहानपणी कपडे अंगावर घालून माप बघायची ना, तसंच. फक्त बोटं गार होती. फार गार. आणि ओली.

"आई?"

काही नाही.

"आई... मी आहे गं."

टक् थांबलं. सगळं थांबलं. वारासुद्धा.

मग अगदी कानाजवळ...

चुक्.

ओठांत दोरा धरल्याचा आवाज.

आणि त्याच्या मांडीवर, खिशात... शटल हललं. फिक्रीने खिसा दाबून धरला. आत बॉबिन फिरत होतं. सावकाश. मग जोरात. त्याच्या तळहाताखाली, कापडाआडून, गरगर... दोरा गुंडाळत. मोकळं बॉबिन. त्याने स्वतः मोकळं केलेलं.

तो ओरडला, "नेतो! कौसरकडे नेतो, आई! आता नेतो!"

ते थांबलं नाही. झग्याची शेवटची शिवण सुटेपर्यंत थांबलं नाही.

माझ्या दारावर थाप पडली तेव्हा मी जागाच होतो. फिक्री उभा होता. मशीनचं डोकं घोंगडीत गुंडाळून छातीशी धरलेलं. अंगावर झगा म्हणजे नुसते निळे तुकडे, मशीनखाली पोटाशी दाबलेले. दात वाजत होते.

"काका, होडी."

"असल्या वाऱ्यात? उद्या..."

"आत्ता, काका. पाया पडतो." आणि त्याने रुमालात बांधलेलं काहीतरी माझ्या हातात कोंबलं. "हे तुम्ही धरा. माझ्याने धरवत नाही."

शटल होतं. कोमट. लोखंड, थंडीच्या रात्री, कोमट.

मी होडी सोडली. का सोडली विचारू नका. नदीच्या मधोमध त्याने मला सांगितलं ते सगळं. मी वल्हं मारत होतो, दुसरं काही सुचत नव्हतं.

कौसरने दार उघडलं. भावाकडे बघितलं, घोंगडीकडे बघितलं. आत ये म्हणाली नाही. मी रुमाल पुढे केला. तिने शटल उघडलं आणि उंबऱ्यात बसून बॉबिन दिव्यासमोर धरलं. गच्च भरलेलं.

ती दोरा उलगडायला लागली. आधी निळा. फिक्रीने डोळे मिटले. मग गुलाबी, पलंगपोसाचा. मग चिंधीचा, मग अभ्र्यांचा बारीक पांढरा. तिच्या पायाशी ढीग साठत होता. पोरांनो, ते बॉबिन माझ्या करंगळीएवढं. त्यात इतका दोरा मावत नाही. मी बघत होतो, मावत नाही.

मग अगदी तळाशी, सगळ्यांच्या आधी गुंडाळलेला, जाड, कच्चा पांढरा निघाला. सुरकुतलेला. टीप उसवलेल्या दोऱ्याला असतात तशा सुरकुत्या, एकसारख्या, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मातीचे बारीक कण लागलेले. तिने तो नाकाशी नेला. मलाही वास आला. कापराचा.

तिने बोटांतून तो पूर्ण सरकवला. कुठे तुटलेला नव्हता. कुठे गाठ नव्हती.

फिक्री भिंतीला टेकून खाली बसला. लहान मुलासारखं विचारलं त्याने, "कौसर... आई सुटली ना गं?"

कौसरने तो दोरा बोटाभोवती गुंडाळला.

"सुटली," ती म्हणाली. "डोळे नसलेली बाई, अंधारात, एकटी, कित्येक रात्री नखाने उसवत बसली होती, फिक्री. माझं ते चार टाक्यांचं काम होतं. तू तासभर थांबला असतास तर."

तिने मशीन त्याच्या हातातून घेतलं आणि दार लावलं. त्या दिवसापासून आजतागायत ते त्याच्यासाठी उघडलेलं नाही. तो दर ईदला जातो, पायरीवर बसतो आणि परत येतो. मीच नेतो, मीच आणतो. यास्मिनचे लग्नाचे कपडे मात्र तिने शिवले. टाका न टाका टिकला.

हं. आता चहाही संपला. थांब सामेह, उठू नकोस. हा माझ्या कंदिलाच्या कडीला बांधलेला दोरा बघ. इकडे ये, उजेडात. रुमालाला चिकटून एवढा हातभर आला होता माझ्याबरोबर, घरी गेल्यावर दिसला. मी कौसरला परत द्यायला गेलो तर ती म्हणाली, राहू द्या काका, आईने तुमच्याही होडीत बरेच फेरे केलेत.

मी रोज रात्री तो या कडीला बांधतो. दोन गाठी मारतो, होडीवाल्याच्या, वादळात सुटत नाहीत त्या. आजही तुमच्या समोरच मारल्या ना, मघाशी, कंदील लावताना?

बघ.

हात लाव. मी नाही सोडल्या.

घरी जाताना आत्याच्या दारावरून जा, सामेह. तिच्या खिडकीत दिवा असेल अजून.